ईस्टरची लिली आणि उष्णतामापक

पुनरुत्थानाच्या रविवारी वेदीजवळ शोभणारी शुभ्र लिली मूळची जपानच्या दक्षिणेकडील रिउक्यू बेटांची होय. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान केव्हाही येतो. आणि फूल एक आठवडा उशिरा उमलले, तर माळ्याचे सर्व श्रम व्यर्थ जातात. यास्तव हरितगृहात उष्णतामापक हाच त्याचा खरा सोबती.

प्रथम कंदास सुमारे सहा आठवडे ओलसर थंडीत ठेवितात. त्यावाचून फुले उशिरा व मागेपुढे येतात. पुढे पाने किती वेगाने उलगडतील, हे दिवसरात्रीच्या सरासरी उष्णतामानावर अवलंबून असते. दांड्याची उंची मात्र दिवस व रात्र यांतील फरकावर. दिवस तप्त व रात्र थंड असल्यास दांडा लांबट होऊन कलतो. हा फरक कमी राखल्यास रोप ठेंगणे व बांधेसूद होते. म्हणून कुशल माळी सूर्योदयाच्या सुमारास दोनतीन तास हवा थंड राखितो. सण जवळ आला म्हणून त्याने एकाएकी फार उष्णता वाढविली, तर कोवळ्या कळ्या सुकून गळतात.

आपल्या पडेगावी अडचण उलट आहे. येथे एप्रिलात दुपारी पारा चाळिशीकडे झुकतो. तेव्हा कुंडीस केवळ सकाळचे कोवळे ऊन द्यावे, दुपारी सावली करावी, माती ओलसर ठेवावी, परंतु पाणी साचू देऊ नये.

पालकहो, उबेने वाढ होते, अतितापाने कळी जाते. हा नियम केवळ फुलांपुरताच आहे काय?