आधी पाण्याचा हिशेब, मग पाठपिशवी

थंडी पडली की आपली मुलं-मुली राजगड–तोरणा–रायगड अशी तीन-चार दिवसांची मोहीम आखतात. आम्ही त्यांना एकच सांगतो: मुक्काम अंतरावर नाही, पाण्यावर ठरवा.

माणशी दिवसाला तीन-चार लिटर पाणी धरा. राजगड-तोरण्याच्या धारेवर सावली कमी. तिथे भरलेल्या बाटल्या घेऊनच निघा. टाक्यातलं पाणी गाळून, उकळून प्या. लघवी गडद झाली, डोकं दुखलं, पायांत गोळे आले तर सावलीत थांबून जलसंजीवनी द्या. साथीदार असंबद्ध बोलू लागला तर अंग ओलं करून वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा.

तंबू कड्यालगत किंवा कोरड्या ओढ्यात नको; गावात विचारून लावा. पाठीवरचं ओझं वजनाच्या पाचव्या हिश्श्याआत ठेवा. महिनाभर आधी ओझ्यासह चढ चढा. रक्तदाब, मधुमेह असल्यास डॉक्टरांना विचारा. चाल सर्वांत हळू चालणाऱ्याची.

रायगड उतरल्यावर महाडला चवदार तळ्यावर जाच. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी तिथे पाण्याचा हक्क बजावला. म्हणून वाटेतल्या कुठल्याही पाणवठ्यात साबण, खरकटं टाकू नका; ते पाणी कुणीतरी पितं.