गाण्याचा डबा घ्यायचाय? आधी फाइल बघा, मग डबा

किल्लारी (ता. औसा) : आमच्या गल्लीतल्या तात्यांनी उन्हाळ्यात साडेनऊशे रुपयांचा एक छोटा स्पीकर घेतला. मेमरी कार्ड टाकलं की वाजतो, पेनड्राइव्ह चालतो, ब्लूटूथ आहे, रेडिओ आहे. आपल्याकडं त्याला कुणी डबा म्हणतं, कुणी साउंड म्हणतं. तात्यांना मात्र त्यावर एकच गोष्ट ऐकायची होती. भूकंपाच्या दोन वर्षं आधी गणपतीत जुन्या गावात झालेलं भजन. त्यात त्यांच्या थोरल्या भावाचा आवाज आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जे झालं त्यात भाऊ गेला, घर गेलं, घरातल्या सगळ्या कॅसेटा गेल्या. ही एक कॅसेट तेवढी बहिणीच्या सासरी होती म्हणून राहिली.

एका मोबाइल शॉपीतून ती कॅसेट कार्डात भरून आणली. डब्यावर लावली, तर भावाचा आवाज पत्र्याच्या पिंपातून आल्यासारखा. टाळ वाजतात की पाणी सळसळतंय तेच कळेना. तात्या म्हणाले, "कॅसेट खराब झाली बग. तीस वर्षं झाली, आता काय राहणार तिच्यात." नवा डबा परत करून दुसरा चार हजारांचा घ्यायचा, असं पोराचं चाललं होतं.

मी कार्ड मोबाइलमध्ये टाकून बघितलं. भजन 30 मिनिटांचं आणि फाइल फक्त 7 एमबीची. दोष कॅसेटचा नव्हता आणि डब्याचाही नव्हता. फाइलच पिळून काढलेली होती.

गाण्याचा डबा किंवा प्लेअर घेणाऱ्या पुष्कळ लोकांची हीच चूक होते. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

एमपीथ्री म्हणजे काय

सीडीवरचं गाणं एका मिनिटाला जवळपास 10 एमबी जागा खातं. पूर्वी कार्डं लहान, इंटरनेट हळू. मग गाणं लहान करायची युक्ती निघाली, तिचं नाव एमपीथ्री. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेचं त्यात मोठं काम आहे. माणसाच्या कानाला जे सहसा जाणवत नाही, उदाहरणार्थ मोठ्या आवाजाखाली दबलेला बारीक आवाज, ते काढून टाकायचं आणि बाकीचं ठेवायचं, अशी ती युक्ती.

थोडं काढलं तर कळत नाही. जास्त काढलं की आधी टाळ, झांज, चिपळ्या बिघडतात, कारण त्यांचा आवाज बारीक आणि उंच असतो. मग पेटीचा गोडवा जातो. शेवटी माणसाचा गळा पत्र्यासारखा होतो. आणि एकदा काढून टाकलेला आवाज परत येत नाही. डबा साडेनऊशेचा असो की नव्वद हजारांचा, फाइलमध्ये जे नाही ते तो कुठून वाजवणार?

मोबाइलवरच तपासा

किती पिळलंय ते एका आकड्यावरून कळतं. त्याला बिटरेट म्हणतात, केबीपीएसमध्ये मोजतात. तो दिसत नसला तरी चालेल. गाण्याच्या फाइलवर बोट दाबून ठेवा, 'तपशील' किंवा 'डिटेल्स' उघडा, एमबी बघा. त्याला गाण्याच्या मिनिटांनी भागा.

– मिनिटाला अर्धा एमबी किंवा कमी : 64 केबीपीएस किंवा खाली. कीर्तनातलं नुसतं बोलणं कळेल, गाणं चांगलं लागणार नाही.
– मिनिटाला साधारण 1 एमबी : 128 केबीपीएस. छोट्या डब्यावर चालून जातं. चांगल्या हेडफोनवर उणीव जाणवते.
– मिनिटाला 2 ते अडीच एमबी : 256 ते 320 केबीपीएस. एवढं असलं म्हणजे पुष्कळ झालं. नाव न सांगता ऐकवलं तर सीडी कुठली आणि हे कुठलं, बहुतेकांना ओळखता येत नाही.

तात्यांच्या फाइलचा हिशोब करा. 7 एमबी भागिले 30 मिनिटं. मिनिटाला पाव एमबीसुद्धा नाही, म्हणजे जेमतेम 32 केबीपीएस.

इथं एक फसगतही होते. खराब 64 ची फाइल संगणकावर परत 320 ची करून दिली तर एमबी वाढतात, आवाज सुधारत नाही. दुधात पाणी घातल्यावर माप वाढतं तसं. म्हणून आकडा बघा आणि कानानंही ऐका.

"पाच हजार गाणी भरून देतो"

दोन जीबीचं कार्ड होतं त्या काळात 5 मिनिटांचं गाणं 128 वर भरलं तर 400 च गाणी बसायची. जास्त बसवायला दुकानदार 64 वर आणायचे. आज 32 जीबीचं कार्ड सगळीकडं मिळतं. त्यात तेच गाणं 320 वर भरलं तरी अडीच हजारांच्या वर गाणी बसतात. आता पिळायची गरजच राहिली नाही. पण त्या जुन्या पिळलेल्या फाइलीच या कार्डातून त्या कार्डात अजून फिरतायत. "किती गाणी आहेत" यापेक्षा "मिनिटाला किती एमबी आहे" हे विचारा. दुकानदार जरा बघत राहील, पण विचारा.

कंपनीनं गाणी भरून दिलेले डबेही मिळतात. सारेगामा कंपनीचा कारवाँ 2017 मध्ये बाजारात आला, जुन्या रेडिओसारखा दिसणारा आणि आत 5000 गाणी. त्याचा मराठी प्रकारही आला. सारेगामा म्हणजे पूर्वीची एचएमव्ही, त्यामुळं गाणी मूळ ध्वनिमुद्रणावरून घेतलेली. म्हाताऱ्या माणसाला बटण फिरवलं की गाणं लागतं, हा त्याचा खरा फायदा. पण आतली गाणी आपल्याला बदलता येत नाहीत. आपलं भजन लावायचं तर पेनड्राइव्हवरून लावावं लागतं. पैसे देण्याआधी त्यातली यादी वाचा. आपल्या आवडीची पन्नासच गाणी असतील तर बाकीच्यांचा उपयोग काय?

डबा घेताना काय बघायचं

फाइल चांगली असली की मग डब्याची परीक्षा. दुकानदार आपलं ठरलेलं धडधड गाणं लावतो, त्यावर कुठलाही डबा चांगलाच वाटतो. आपलं गाणं पेनड्राइव्हमध्ये घेऊन जा. वर्षानुवर्षं ऐकलेलं, टाळ, मृदंग आणि गळा तिन्ही असलेलं एखादं.

1. दोन डबे ऐकताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. जो मोठ्यानं वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, हा माणसाच्या कानाचा स्वभाव आहे. महागडा डबा मोठ्यानं लावून दाखवला की आपण फसतो.

2. अर्ध्या आवाजावर गळ्यातले शब्द स्वच्छ कळतात का बघा. मग पूर्ण आवाज करा. फाटला, खरखरला तर तो डबा शेतात कामाचा नाही, कारण उघड्यावर आवाज वाढवावाच लागतो.

3. गाणं थांबवून कान जवळ न्या. सूं सूं येते का? चार्जिंगला लावून परत ऐका. काही डबे चार्जिंगवर असताना गुरगुरतात.

4. खोक्यावरच्या वॅटवर जाऊ नका. 'पीएमपीओ' लिहिलेला आकडा फुगवलेला असतो. 'आरएमएस' लिहिलेला खरा. तळहाताएवढ्या डब्यात मृदंगाचा धुम्म पूर्ण येत नाही, तेवढी हवा हलवायला स्पीकरचा पडदाच पुरत नाही. एलईडीच्या लाइटी लावल्या म्हणून तो येणार नाही.

5. बंद करून परत चालू केल्यावर हरिपाठ सोडला तिथूनच लागतो का? की दर वेळी पहिल्या गाण्यावर जातो? बटणं चाचपून कळतात का? घरातल्या म्हाताऱ्यांसाठी हे आवाजाइतकंच महत्त्वाचं आहे.

6. बॅटरी निघते का बघा. पुष्कळ स्वस्त डब्यांत जुन्या नोकियाची बीएल-5सी बसते. ती गेली तर दुसरी सहज मिळते. आत चिकटवलेली बॅटरी गेली की बहुतेक वेळा डबाच जातो.

7. पक्कं बिल आणि वॉरंटी घ्या. कार्ड घेतलं तर घरी येऊन पूर्ण भरून बघा. 32 लिहिलेलं नकली कार्ड मधेच गाणी खाऊन टाकतं.

मोबाइल असताना डबा कशाला?

खरंय. आजचा साधा मोबाइलही चांगला प्लेअर आहे. एकट्यानं ऐकायचं असेल तर नवा प्लेअर न घेता पाच-सातशेचा वायरवाला चांगला हेडफोन घ्या, पैसे तिथं जास्त कामाला येतात. मात्र मोबाइलला हेडफोनची गोल पिन आहे का ते आधी बघा, नव्या मोबाइलांत ती असेलच असं नाही. 24 बिट, 192 किलोहर्ट्झ असलं सांगून हजारो रुपयांचे प्लेअर विकले जातात. ज्याच्याकडं तसल्या फाइली, शांत खोली आणि भारी हेडफोन आहे त्यानं घ्यावेत. इंजिनाच्या आवाजात, पत्र्याच्या शेडमध्ये तो फरक कुणाला कळणार?

डबा लागतो तो रात्री पाणी द्यायला गेल्यावर, मोबाइलची बॅटरी फोनसाठी राखायची असते तेव्हा. किंवा टच स्क्रीन जमत नाही अशा माणसांसाठी.

कानाची काळजीही घ्या. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानं 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तासांपेक्षा जास्त ऐकू नये. हेडफोन काढल्यावर कानात कुंई वाजत असेल तर आवाज जास्त होता असं समजा.

तात्यांच्या भजनाचं पुढं काय झालं

साउंड सिस्टीमवाल्या एका ओळखीच्या पोराकडं जुना टेप चालू होता. कापसानं आणि स्पिरिटनं त्याचं हेड पुसलं. टेपपासून संगणकाला वायर लावली आणि ऑडॅसिटी नावाच्या फुकटच्या प्रोग्रामवर भजन परत उतरवलं. टेपसमोर मोबाइल धरून रेकॉर्ड करायचं नाही, त्यात पंखा आणि रस्ता दोन्ही येतात. आधी वेव्ह प्रकारात न पिळता ठेवलं, 30 मिनिटांचे 300 एमबीच्या वर गेले. त्यावरून 320 ची एमपीथ्री केली, ती 72 एमबीची झाली.

डबा तोच, साडेनऊशेचा. कॅसेटची सरसर आहे, ती राहणारच. पण टाळ वेगळे, पेटी वेगळी, गळा वेगळा ऐकू आला. तात्या दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हा दादाच हाय. ओळ उचलायच्या आधी श्वास घेतलेला बी ऐकू येतोय."

आपल्या भागात कुणाच्या पेटीत, कुणाच्या बहिणीकडं अशा कॅसेटा अजून असतील. ओव्या असतील, भारूड असेल, बारशाचा गलका असेल. डबा कुठला घ्यायचा ते नंतर ठरवा. आधी कॅसेट नीट उतरवून घ्या, वेव्ह फाइल दोन ठिकाणी ठेवा, एक पेनड्राइव्हमध्ये आणि एक दुसऱ्या घरी. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी जाते. आणि उतरवून झाली तरी कॅसेट फेकू नका.