समुद्री गोगलगाईंची छायाचित्रे आणि जातिनिश्चितीचा प्रश्न

समुद्रतळावरील शंखहीन गोगलगाईंची छायाचित्रे घेणे आणि त्यांवरून त्यांची नावे निश्चित करणे हा उद्योग प्राणिशास्त्रज्ञांचा अथवा हौशी पाणबुड्यांचा होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तथापि भाषेतील व्यवच्छेदक लक्षणे, विकल्पने आणि नामव्यवहार यांचा विचार करणाऱ्या अभ्यासकासही हा विषय मननीय वाटावा असा आहे. दृश्य रूपावरून ‘हे अमुक होय’ असे विधान कोणत्या आधारावर करता येते आणि त्या विधानाची मर्यादा कोठे मानावयाची, हा वर्गीकरणाचा मूलभूत प्रश्न येथे फार स्पष्टपणे उभा राहतो. हा प्रश्न केवळ तात्त्विकही नाही. पाणबुड्यांनी घेतलेली छायाचित्रे आज प्राण्यांच्या प्रसाराचा पुरावा म्हणून स्वीकारली जातात. एका चित्राखाली चुकीचे नाव पडले, तर ती चूक त्या चित्रापुरती राहत नाही. ती जातींच्या याद्यांत आणि प्रसाराच्या नकाशांत शिरते.

‘समुद्री गोगलगाय’ ही एक काटेकोर शास्त्रीय संज्ञा नव्हे. शंख नाहीसा झालेल्या अथवा फार लहान झालेल्या अनेक सागरी गोगलगाईंच्या गटांना ते सैल नाव दिले जाते. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध गट न्यूडिब्रँक हा होय. लॅटिनमधील ‘नग्न’ आणि ग्रीकमधील ‘कल्ले’ या अर्थांच्या शब्दांपासून हे नाव सिद्ध झाले आहे. या गटातील सुमारे तीन हजार जाती आजवर ज्ञात आहेत. पुष्कळ जातींच्या पाठीवर मागील बाजूस कल्ल्यांचा फुलासारखा तुरा असतो. काहींच्या पाठीवर बोटांसारख्या उंचवट्यांच्या रांगा असतात, त्यांस सेराटा म्हणतात. डोक्यावरील शृंगांसारख्या दोन इंद्रियांना रायनोफोर म्हणतात. पाण्यात विरघळलेल्या द्रव्यांचे ज्ञान या प्राण्यांना मुख्यतः त्यांच्याद्वारे होते.

शंखाचे संरक्षण गेले, त्याची भरपाई या प्राण्यांनी इतर मार्गांनी केली आहे. स्पंज खाऊन जगणाऱ्या अनेक जाती त्या स्पंजातील विषारी अथवा कडू द्रव्ये आपल्या शरीरात साठवितात. एओलिड या उपगटातील प्राणी हायड्रॉइड व तत्सम प्राणी खातात आणि त्यांच्या दंशपेशींतील न फुटलेल्या दंशकोशिका सेराटांच्या टोकांशी जपून ठेवतात. पुष्कळ जातींचे भडक रंग हे शत्रूला दिलेले इशारे होत, असे मानले जाते. पाणबुड्याला मोह पडतो तो याच रंगांचा, आणि जातिनिश्चितीतील अडचणींचे मूळही पुष्कळ अंशी याच रंगांत आहे.

ही अडचण समजण्यासाठी ध्वनिविचारातील एक परिचित भेद उपयोगी पडतो. मराठीत ‘ल’ आणि ‘ळ’ यांतील भेद अर्थभेदक आहे. ‘वेल’ आणि ‘वेळ’ हे दोन निराळे शब्द ठरतात ते त्याच्यामुळेच. उलट ‘फळ’ या शब्दातील ‘फ’ ओष्ठ्य महाप्राण उच्चारला काय अथवा दंतोष्ठ्य घर्षक उच्चारला काय, शब्द तोच राहतो. कानाला दोन्ही ठिकाणी फरक जाणवतो. परंतु पहिला फरक व्यवस्थेचा घटक आहे, दुसरा नाही. कोणता फरक कोणत्या प्रकारचा, हे नुसत्या ऐकण्याने कळत नाही. त्यासाठी संपूर्ण व्यवस्था तपासावी लागते. समुद्री गोगलगाईंच्या रंगांविषयी हीच गोष्ट सत्य आहे.

फिलिडिया या प्रजातीतील जाती या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. (येथे ‘प्रजाती’ हा शब्द अनेक जातींना सामावून घेणाऱ्या वरच्या वर्गासाठी योजिला आहे.) फिलिडिया व्हॅरिकोसा ही लामार्कने १८०१ मध्ये नाव दिलेली जाती हिंदी व प्रशांत महासागरांत दूरवर आढळते. काळ्या पार्श्वभूमीवर निळसर-करडे कंगोरे आणि त्यांवर पिवळ्या टोकांचे उंचवटे असे तिचे रूप असते. फिलिडिया कोएलेस्टिस ही जाती वरून पाहता तिच्यासारखीच दिसते. या दोहोंना वेगळे करणाऱ्या लक्षणांपैकी एक महत्त्वाचे लक्षण तळाशी असते : व्हॅरिकोसाच्या पादाच्या तळव्यावर एक लांबट काळी रेघ असते, कोएलेस्टिसच्या तळव्यावर ती नसते. पाठीचे कितीही सुंदर चित्र घेतले, तरी ही रेघ त्यात येत नाही. प्राणी खडकाच्या कडेवरून वळत असता अथवा काचेसारख्या एखाद्या पृष्ठभागावरून सरकत असता ती दिसू शकते. पाठीवरील उंचवट्यांच्या मांडणीवरून अनुभवी निरीक्षक पुष्कळदा योग्य निर्णय घेतात हे खरे. पण त्या निर्णयाचा आधार निराळा आहे, हे नोंदीत स्पष्ट असले पाहिजे.

दुसरी अडचण अनुकरणाची. फिलिडिएला पुस्टुलोसा या काळ्या-गुलाबी गोगलगाईसारखा दिसणारा एक चपटा कृमी आहे. १९९४ मध्ये त्याला स्यूडोसेरॉस इमिटेटस हे सार्थ नाव देण्यात आले. दोघांच्या पाठीवर कल्ल्यांचा तुरा दिसत नाही, कारण फिलिडिएलाचे कल्ले प्रावाराच्या कडेखाली असतात. तेव्हा तुऱ्याचा अभाव येथे काहीच सांगत नाही. प्रावारातून वर येणारे खरे रायनोफोर आहेत, की केवळ कडेची घडी उभी राहिली आहे, हे पाहावे लागते. पिअर्सनोथुरिया ग्रेफाय या समुद्रकाकडीची पिलेही फिलिडियासारखी दिसतात आणि नवख्या निरीक्षकाला चकवितात.

तिसरी अडचण सर्वांत बोधप्रद आहे. कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेस या संस्थेतील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हिप्सेलोडोरिस या प्रजातीचा आनुवंशिक द्रव्याच्या आधारे अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यात १७ नव्या जातींचे वर्णन केले. त्यांपैकी हिप्सेलोडोरिस इबा या जातीत दोन रंगरूपे आढळतात आणि त्यांतील एक हिप्सेलोडोरिस बुलॉकाय या वेगळ्या जातीशी मिळतेजुळते आहे. म्हणजे एका जातीतील दोन प्राणी परस्परांहून निराळे, आणि दोन जातींतील दोन प्राणी परस्परांसारखे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या क्रोमोडोरिस प्रजातीच्या अभ्यासानेही रंगरेषांची ही लवचिकता जातिनिश्चितीत अडथळा आणते, असे दाखवून दिले. रंग हे लक्षण टाकाऊ आहे, असा याचा अर्थ नव्हे. कोणत्या गटात ते भेदक आणि कोणत्या गटात ते वैकल्पिक, हे गटागटाने ठरवावे लागते, एवढाच याचा अर्थ.

या पार्श्वभूमीवर छायाचित्रणाच्या तंत्राचा विचार केला पाहिजे. पाणी प्रकाशाचे शोषण करते आणि त्यातही तांबडा प्रकाश सर्वांत आधी नाहीसा होतो. सुमारे १० मीटर खोलीवर त्याचा बहुतांश गेलेला असतो. त्यामुळे सूर्यप्रकाशात घेतलेल्या चित्रात तांबडी किनार काळपट दिसते, आणि जेथे किनारीचा रंग हेच भेदक लक्षण असेल तेथे ते चित्र दिशाभूल करते. यास्तव फ्लॅशचा अथवा विजेरीचा प्रकाश आवश्यक ठरतो. कॅमेरा प्राण्याच्या जितका जवळ, तितके मधले पाणी कमी आणि तरंगते कणही कमी. परंतु जवळून घेतलेल्या चित्रात स्पष्ट दिसणारा पट्टा काही मिलिमीटरांचाच असतो. रायनोफोर स्पष्ट आले तर मागचा तुरा अस्पष्ट राहतो. एका चित्रात सर्व लक्षणे येत नाहीत, म्हणून वरून, बाजूने आणि समोरून अशी निदान तीन चित्रे घ्यावी लागतात. कल्ले आकसून घेतलेल्या प्राण्याचे चित्र अपुरे असते. तो पुन्हा तुरा उघडेपर्यंत थांबणे हाच त्यावर उपाय आहे. या थांबण्यासाठी पाणबुड्याला तळाला अथवा प्रवाळाला स्पर्श न करता एका जागी तरंगत राहता आले पाहिजे. ते कौशल्य कॅमेऱ्याच्या आधी शिकावयाचे असते.

चांगल्या पार्श्वभूमीसाठी प्राणी उचलून दुसरीकडे ठेवण्याचा मोह काहींना होतो. त्यात प्राण्याला इजा होण्याचा संभव आहेच. पण ज्ञानाचीही हानी आहे. अनेक जातींचे अन्न ठरावीक असते. ती ज्या स्पंजावर किंवा हायड्रॉइडवर बसलेली आढळते, तो तिच्या ओळखीचा भाग असतो. शब्द वाक्यातून काढून घेतला की त्याच्या अर्थाचा जसा एक आधार जातो, तसेच येथे घडते. जवळपास असलेली अंड्यांची फीत, समागमातील जोडी यांची चित्रेही मोलाची होत. हे प्राणी उभयलिंगी असतात. निराळ्या रंगांचे दोन प्राणी समागमात दिसले, तर ती दोन रूपे एकाच जातीची असावीत, असा तर्क करण्यास आधार मिळतो. तो निर्णायक पुरावा मात्र नव्हे.

चित्र आणि नमुना यांचा हा संबंध नवा नाही. मद्रास इलाख्यातील अधिकारी सर वॉल्टर इलियट यांनी वॉल्टेअर (विशाखापट्टणम्) येथील किनाऱ्यावरून जमविलेल्या न्यूडिब्रँकांचे वर्णन जोशुआ ऑल्डर आणि ऑल्बनी हॅन्कॉक यांनी १८६४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातच ‘कलिंगा’ ही प्रजाती आणि ‘कलिंगा ऑर्नाटा’ ही जाती प्रथम शास्त्रात आली. सिलोनमधील केलार्ट यांनी त्यापूर्वी थोडी वर्षे तेथील जातींना नावे दिली होती. या दोन्ही कामांची तपासणी सर चार्ल्स एलियट यांनी १९०६ मध्ये केली, ती केलार्ट यांची चित्रे आणि न्यूकॅसल येथील संग्रहालयात जतन केलेला ऑल्डर-हॅन्कॉक यांचा संग्रह समोर ठेवून. मद्यार्कात ठेवलेल्या नमुन्याचा रंग जातो आणि देह आकसतो. परंतु रॅड्युला ही दंतुर पट्टी व अंतर्गत इंद्रिये तपासता येतात. चित्रात रंग राहतो, शरीररचना राहत नाही. जुन्या संशोधकांजवळ पुष्कळदा रंगहीन देह असे; आजच्या पाणबुड्याजवळ देहहीन रंग असतो. दोहोंपैकी कोणताही एक पुरावा पूर्ण नाही.

नावांच्या बाबतीतही भाषाभ्यासकाला पाहण्यासारखे बरेच आहे. क्युव्हिए याने १८०४ मध्ये ‘डोरिस ॲट्रोमार्जिनाटा’ असे नाव दिलेली, काळ्या काठाची पिवळसर गोगलगाय दीर्घकाळ ‘ग्लॉसोडोरिस’ प्रजातीत गणली जात होती. २०१२ मध्ये क्रोमोडोरिड कुलाची आनुवंशिक पुनर्रचना झाली तेव्हापासून ती ‘डोरिप्रिझ्मॅटिका’त आहे. प्रजाती बदलली तरी ‘काळ्या काठाची’ हे विशेषण कायम राहिले, आणि क्युव्हिएचे नाव आता कंसात लिहिले जाते. मूळ प्रजाती बदलली आहे, एवढी माहिती तो कंस देतो. विशेषणाला प्रजातिनामाच्या लिंगाप्रमाणे चालावे लागते : क्रोमोडोरिस स्त्रीलिंगी असल्याने ‘ॲन्युलाटा’ असलेले विशेषण गोनिओब्रँकस या पुल्लिंगी नामाशी जोडले जाताच ‘ॲन्युलाटस’ झाले. ‘काळी गाय’ आणि ‘काळा बैल’ म्हणणाऱ्या मराठी भाषकास यात नवल वाटू नये. १९८० मध्ये रडमन यांनी नाव दिलेल्या ‘साकुराएओलिस गुजरातिका’मध्ये प्रदेशनामाला लॅटिन वळण मिळाले आहे; पश्चिम भारतातून २०२० मध्ये वर्णिलेल्या ‘क्रॅटेना पवारशिंदेओरम्’ या नावात तर दोन मराठी आडनावांना मिळून लॅटिनचा षष्ठी बहुवचनाचा प्रत्यय लागला आहे. नाव मात्र प्राण्याच्या वर्णनाशी बांधलेले नसून प्ररूपाशी, म्हणजे नाव देताना आधारभूत धरलेल्या नमुन्याशी, बांधलेले असते. म्हणूनच छायाचित्राखाली नाव लिहिणे म्हणजे ‘हा प्राणी आणि ते प्ररूप एकाच जातीचे होत’ असे विधान करणे होय.

अशा विधानांवर आज किती भार पडला आहे, हे ऑस्ट्रेलियातील उदाहरणावरून कळते. न्यू साउथ वेल्समधील पोर्ट स्टीव्हन्स परिसरात २०१३ मध्ये सदर्न क्रॉस विद्यापीठाच्या पुढाकाराने पाणबुड्यांच्या छायाचित्रांवर आधारलेली समुद्री गोगलगाईंची गणना सुरू झाली. उष्णकटिबंधातील जाती दक्षिणेकडे टास्मन समुद्रात पसरत असल्याचे २०१८ च्या एका अभ्यासाने दाखविले. अशा निष्कर्षात हौशी निरीक्षकांच्या नोंदींना महत्त्व असते. भारतात दीपक आपटे यांनी २००९ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लक्षद्वीपमधून ४० जातींची भारतासाठी प्रथमच नोंद केली. एका बेटसमूहातून एवढी भर पडते, यावरून आपल्या किनाऱ्याची यादी किती अपुरी असावी, याची कल्पना येते. कोकणात पावसाळा आणि पाण्यातील गाळ यांमुळे पाणबुडीला मर्यादा पडतात. परंतु ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या खडकांतील डबकी सर्वांना खुली आहेत.

अपुऱ्या यादीत घाईने घातलेले नाव हे रिकाम्या जागेपेक्षा अधिक घातक असते, कारण रिकामी जागा शोधाला प्रवृत्त करते आणि चुकीचे नाव शोध थांबविते. म्हणून नोंदीत चित्रासमवेत स्थळ, दिनांक, खोली, प्राण्याची लांबी आणि तो ज्यावर आढळला ते अधिष्ठान या गोष्टी असाव्यात. नाव कोणत्या लक्षणावरून ठरविले ते लिहावे. आणि जातीचे भेदक लक्षण चित्रात नसेल, तर प्रजातीच्या नावाशीच थांबावे. ‘फिलिडियाची एक जाती’ एवढीच नोंद अपूर्ण दिसते खरी, पण तळव्याची रेघ न पाहता केलेल्या पूर्ण नोंदीपेक्षा ती अधिक सांगते : काय पाहिले, आणि काय पाहावयाचे राहिले.