मृगाच्या किड्याला पाय किती?

ओलसर जंगलातील अळंबी आणि इवलेसे जीव यांची छायाचित्रे घ्यायची म्हटली की भीमाशंकर, आंबोली ही नावे पुढे येतात. मग जेथे पाऊस त्यांच्या मानाने फारच थोडा पडतो, त्या बीड जिल्ह्यातील मुलांनी काय करावे? त्यांनी मृगाची वाट पाहावी!

बीडजवळचे पाली हे बिंदुसरा धरणाचे गाव. ७-८ जूनला मृग नक्षत्र लागते. पहिला चांगला पाऊस झाला की अशा कोरड्या मुलखातही बांधावरचा ओला पालापाचोळा म्हणजे काही दिवसांपुरते एक छोटे जंगलच होते. तेथे तांबड्या मखमलीचा मृगाचा किडा फिरताना दिसतो. पण हा खरोखर कीटक आहे का? पाय मोजा. कीटकाला सहा पाय असतात, याला आठ! हा कोळ्याचा नातलग. मात्र हात लावताच तो पाय पोटाशी घेतो. म्हणून न शिवता त्याचे मोठे छायाचित्र घ्यावे हे उत्तम.

यालाच मॅक्रो छायाचित्रण म्हणतात. बहिर्वक्र भिंगाचा धडा आठवा. वस्तू नाभीय अंतराच्या दुप्पट अंतरावर असेल, तर प्रतिमा पलीकडे तितक्याच अंतरावर आणि तितक्याच आकाराची पडते. कॅमेऱ्याचे भिंग ५० मि.मी. नाभीय अंतराचे असेल, तर किडा भिंगापासून १०० मि.मी. आणि प्रतिमाही १०० मि.मी. अंतरावर हवी. दूरच्या डोंगराची प्रतिमा ५० मि.मी. अंतरावर पडते. अंतर दुप्पट झाले, म्हणजे प्रकाश चौथाईच उरला! म्हणून येथे प्रकाश जास्त लागतो.

दुसरी अडचण स्पष्टतेची. मोठ्या कॅमेऱ्यात, एफ-८ इतके छिद्र ठेवले, तर या अंतरावर जेमतेम १ मि.मी. जाडीचा पट्टा स्पष्ट येतो. पाठीवरची मखमल स्पष्ट आली की पाय धूसर! यासाठी कॅमेरा जमिनीलगत आणून किड्याच्या बाजूला समांतर धरावा.

मोबाईलपुढे हातभिंग धरूनही हे साधते. दोन भिंगांच्या शक्तींची बेरीज होते, एकूण नाभीय अंतर घटते आणि जवळची वस्तू स्पष्ट दिसते.

आता अळंबीकडे वळू. वारुळावर उगवणाऱ्या काही अळंब्यांची बुरशी वाळवीच आपल्या घरात वाढवते. अशा अळंबीचे चित्र वरून एक, बाजूने एक आणि छत्रीखालच्या पात्यांचे एक, असे तीनदा घ्या. जवळ मोजपट्टी ठेवा. वारुळात मात्र हात घालू नका. तेथे साप असू शकतो.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. अळंबीचे बीजाणू मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास, बहुधा त्याहूनही लहान असतात. ते पाहायला सूक्ष्मदर्शकच हवा. विषारी आणि खाद्य अळंबी कित्येकदा दिसायला सारख्या असतात. तेव्हा छायाचित्र कितीही सुरेख आले, तरी त्यावरून अळंबी खाण्याजोगी ठरवू नका. जिवावर बेतेल.

यंदाच्या मृगात प्रत्येक चित्रामागे तारीख, जागा आणि पाऊस कधी पडला ते लिहा. अशी नोंद पाच वर्षे ठेवलीत, तर आपल्या गावचे किडे पावसानंतर किती दिवसांनी बाहेर पडतात, हे तुम्हीच सांगू शकाल.