'सिंधुरक्षक' कशी बुडाली?

इंद्रायणीकाठच्या आमच्या तळवड्यास समुद्राचा वारा लागत नाहीं. तथापि येथें कारखान्यांच्या शेजारीं वाढणाऱ्या विद्यार्थ्यांस यंत्राचा उपयोग आणि यंत्राचा धाक हे दोन्ही ठाऊक आहेत. म्हणून मुंबईच्या गोदींत घडलेला एक अपघात आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

ता. १४ ऑगस्ट २०१३ रोजीं, मध्यरात्र नुकतीच उलटली असतां, नौदलाच्या गोदींत उभी असलेली 'सिंधुरक्षक' ही पाणबुडी स्फोट होऊन जागींच बुडाली. तिच्यावरील ३ अधिकारी व १५ खलाशी मृत्यु पावले. रशियांत बांधलेली ही पाणबुडी १९९७ सालीं आपल्या आरमारांत दाखल झाली होती, आणि तिकडेच मोठी दुरुस्ती होऊन २०१३ सालीं परतली होती.

पाणबुडी म्हणजे चोहोंकडून बंद असें पोलादी नळकांडें. पाण्याखालीं डीझेल इंजिनास हवा मिळत नाहीं. तेथें ती बॅटरीच्या विजेवर चालते. बॅटरी भरतांना हायड्रोजन वायु सुटतो, व तो सांचल्यास एका ठिणगीनें पेट घेतो. २०१० सालीं विशाखापट्टणम येथें याच पाणबुडीच्या बॅटरीच्या दालनांत आग लागून एक खलाशी दगावला होता. पुढील भागांत टॉर्पेडो व क्षेपणास्त्रें असतात. मुंबईस स्फोट झाले ते या दारूगोळ्याचे. परंतु पहिली ठिणगी कशानें पडली, हें पाहिलेला मनुष्य तेथें उरला नाहीं, आणि ज्या वस्तूंवरून तें ताडावयाचें त्या आगींत वितळल्या.

धक्क्याशीं बांधलेल्या पाणबुडीची ही गत, मग भर समुद्रांत बुडालेलीची काय कथा! १९७१ च्या डिसेंबरांत पाकिस्तानची 'गाझी' विशाखापट्टणमसमोर बुडाली. ती 'राजपूत' या आपल्या युद्धनौकेच्या माऱ्यानें बुडाली, असें आपलें आरमार सांगतें. सुरुंगानें अथवा पोटांतील स्फोटानें बुडाली, असें पाकिस्तान म्हणतें. साक्ष देण्यास एकहि खलाशी वांचला नाहीं.

'सिंधुरक्षक' २०१४ सालीं वर काढण्यांत आली व २०१७ सालीं अरबी समुद्रांत खोल बुडविण्यांत आली. ता. २६ फेब्रुवारी २०१४ रोजीं 'सिंधुरत्न' पाणबुडींत आग लागून दोन अधिकारी दगावले, तेव्हां नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनीं मागील कांहीं महिन्यांतील अपघातांची नैतिक जबाबदारी पत्करून त्याच दिवशीं पद सोडलें. अपघाताचें कारण समुद्राबरोबर बुडूं शकतें. त्याची जबाबदारी मात्र कोणीतरी घ्यावीच लागते. उद्यां जे विद्यार्थी यंत्रांवर उभे राहतील, त्यांनीं एवढें अवश्य ध्यानांत ठेवावें.