खाद्यरंगामुळे त्वचा पारदर्शक : उंदरांवरील प्रयोगामागील विज्ञान

मिठाई आणि शीतपेयांना पिवळा रंग देणाऱ्या टार्ट्राझिन या खाद्यरंगाचे तीव्र द्रावण चोळल्यास जिवंत उंदराची त्वचा काही काळ पारदर्शक होते, असे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले आहे. याविषयीचा शोधनिबंध सप्टेंबर २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

खाद्यरंगाचा परिणाम केवळ रंगावर नव्हे, तर तो ज्यावर पडतो त्या पदार्थाच्या घडणीवरही अवलंबून असतो. पांढऱ्या निशिगंधाचे दांडे रंगीत पाण्यात ठेवल्यास पाण्याबरोबर रंग वर चढतो आणि पाकळ्यांमध्ये साचतो. लोकर आणि रेशीम हे प्रथिनांचे तंतू असल्याने व्हिनेगर घातलेल्या गरम पाण्यात टार्ट्राझिनसारखे रंग त्यांच्यावर पक्के बसतात. सुती कापडावरून मात्र तेच रंग धुतल्यावर बहुतांशी निघून जातात.

त्वचेच्या बाबतीत मुख्य प्रश्न प्रकाशाच्या विखुरण्याचा आहे. त्वचेत पाणी, स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने असतात. या प्रत्येकातून जाताना प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात वळतो. या प्रमाणास अपवर्तनांक म्हणतात. अपवर्तनांकांतील फरकामुळे प्रकाश सर्वत्र विखुरतो आणि त्वचेआडचे काही दिसत नाही. भज्यांचे तेल लागलेला कागद अर्धपारदर्शक होतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे. कागदाच्या तंतूंमधील हवेची जागा तेल घेते. तेल आणि तंतू यांचे अपवर्तनांक जवळपास सारखे असल्याने प्रकाशाचे विखुरणे कमी होते.

टार्ट्राझिन निळा प्रकाश मोठ्या प्रमाणावर शोषून घेते. एखादा पदार्थ एका रंगाचा प्रकाश तीव्रतेने शोषू लागला, की त्याहून अधिक तरंगलांबीच्या प्रकाशासाठी त्याचा अपवर्तनांक वाढतो. हा संबंध क्रेमर्स आणि क्रोनिग या भौतिकशास्त्रज्ञांनी १९२०च्या दशकात मांडला होता. त्यानुसार रंग मिसळलेल्या पाण्याचा अपवर्तनांक तांबड्या प्रकाशासाठी वाढून स्निग्ध पदार्थांच्या जवळ येतो आणि हा प्रकाश त्वचेतून आरपार जाऊ लागतो.

संशोधकांनी प्रथम कोंबडीच्या मांसाच्या पातळ कापांवर हा प्रयोग केला. त्यानंतर उंदराच्या डोक्यावरील त्वचेतून मेंदूच्या रक्तवाहिन्या, तर पोटावरील त्वचेतून आतड्यांची हालचाल पाहता आली. द्रावण पाण्याने धुतल्यावर त्वचा पूर्ववत झाली.

रक्त काढताना शीर शोधणे किंवा त्वचेखालील गाठींचे निदान करणे या तंत्राने सुलभ होऊ शकेल, अशी संशोधकांना आशा आहे. मात्र, मानवी त्वचा उंदराच्या त्वचेहून कितीतरी जाड असते आणि शोधनिबंधातील प्रयोग माणसांवर झालेले नाहीत.

भारतात ठरावीक खाद्यपदार्थांमध्ये टार्ट्राझिन वापरण्यास परवानगी असून, बहुतेक पदार्थांत त्याची मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅम आहे. प्रयोगातील द्रावण त्याच्या कित्येक पट तीव्र होते. त्यामुळे जिलेबी खाल्ल्याने कोणाची त्वचा पारदर्शक होणार नाही. तथापि, घरातील खाद्यरंग अंगाला चोळून असा प्रयोग करून पाहणे कटाक्षाने टाळावे.