प्रकाशाची जाळी, अणूंची लहर

चेन्नईच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आयताकृती फटीतून होणाऱ्या प्रकाशाच्या विवर्तनावर, म्हणजे अडथळ्यापाशी लहरींच्या वळण्या-पसरण्यावर, लिहिलेला निबंध १९०६ साली ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाला. या विषयाने त्यांना पुढेही सोडले नाही. नागेंद्र नाथ यांच्यासह १९३५ पासून लिहिलेल्या निबंधांत त्यांनी दाखवले, की द्रवात श्राव्यातीत ध्वनी सोडला असता दाट-विरळ थरांतून जाणाऱ्या प्रकाशाची कला, म्हणजे लहरीच्या चढउतारातील टप्पा, जागोजागी मागेपुढे होते आणि तेवढ्यानेच तो प्रकाश ठरावीक कोनांत फुटून बाहेर पडतो.

अतिशीत अणूंच्या प्रयोगांत याच्या उलट घडते: तेथे लहर असते ती अणूंची आणि जाळी असते ती प्रकाशाची. सामान्य तापमानाला रुबिडियमचे अणू सेकंदाला सुमारे ३०० मीटर वेगाने धावत असतात. त्यांच्यावर ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, अणूच्या स्वाभाविक वारंवारतेपेक्षा किंचित कमी वारंवारतेचा लेसर सोडला, तर समोरून येणारे अणूच तो अधिक शोषतात. एका फोटॉनने वेग सेकंदाला जेमतेम ६ मिलिमीटरने घटतो, परंतु शोषण आणि प्रकीर्णन सेकंदाला कोटीभर वेळा होऊ शकत असल्याने अणू निमिषार्धात मंदावतात.

यानंतर वारंवारता अणूच्या वारंवारतेपासून पुष्कळ दूर नेऊन दोन समोरासमोरचे किरण एकमेकांत मिसळले, की ३९० नॅनोमीटर अंतराचे उजेड-अंधाराचे पट्टे तयार होतात. अणू एका किरणातला फोटॉन घेऊन दुसऱ्यात सोडतो, त्यामुळे त्याचा संवेग दोन-दोन फोटॉनांच्या पटीतच बदलतो. पुरेशा शीत अणूंच्या ढगावर या पट्ट्यांचा क्षणभर झोत टाकला आणि मग ढगाला मोकळे सोडून काही मिलिसेकंदांनी त्याची सावली टिपली, तर एका ठिपक्याच्या जागी समान अंतरावरच्या ठिपक्यांची रांग दिसते. झोत इतका क्षणिक असतो की त्या अवधीत अणू जागचा हलत नाही, केवळ त्याची कला बदलते. या स्थितीला भौतिकशास्त्रज्ञ आजही ‘रामन-नाथ’ स्थिती म्हणतात, आणि हा सन्मान सर्वस्वी यथोचित आहे.

पुण्याच्या आयसर संस्थेत उमाकांत रापोल, एम. एस. संथानम आणि सहकाऱ्यांनी अतिशीत रुबिडियम अणूंना अशाच झोतांचे एकामागून एक तडाखे दिले. नियमित तडाख्यांत लहरींच्या परस्पर व्यतिकरणामुळे अणूंची ऊर्जा काही काळाने वाढेनाशी होते. तडाख्यांत गोंधळ मिसळला, की हे व्यतिकरण विस्कटते. गोंधळाचे प्रसंग अत्यंत विषम अंतराने आले, तर मात्र ही विस्कट नेहमीच्या घातांकी वेगाने होत नाही, ती पुष्कळ संथ होते, असे त्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले.